फार स्तुती करू नका

— नाही, नाही, त्या खुर्चीत नका बसू, ती जरा बुटकी आहे, विद्यार्थ्यांची आहे ती. तिच्यात बसलं की समोरचा माणूस हनुवटी वर करून माझ्याकडे बघतो, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं मला ते आवडत आलंय — पण तुम्ही पाहुण्या, तुम्ही इकडे खिडकीपाशी बसा. ते प्रबंध उचला आणि ठेवा खाली, ठेवा बिनधास्त, कुणी वाचत नाही ते. म्हणजे मी वाचलेत, गाइड म्हणून वाचावेच लागतात. हं, तर काय विचारत होतात तुम्ही — आमच्या मीठताईबद्दल. हसलात ना? खरं नाव तुमच्याकडे असेलच, पण या मजल्यावर त्या नावानं हाक मारलीत तर ती स्वतःसुद्धा वळून बघणार नाही. मीठताई का, तर आत येताना ती पांढरी पेटी बघितलीत ना, घरघर करत होती ती? तिच्यात खाऱ्या पाण्याचं धुकं सोडलेलं असतं. रंग दिलेल्या लोखंडी पट्ट्या आत टांगायच्या आणि बघत बसायचं, रंगाला फोड कधी येतो, गंज कुठून शिरतो. ती पेटी हिच्या ताब्यात. पीएचडीही त्याच विषयात, माझ्याच हाताखाली, आता संपतच आली. आणि तुमची कंपनी पुलांना आणि टाक्यांना रंग देते, म्हणजे जोडी जमल्यासारखीच आहे की.

ती आज नाहीये ना पण. बंदरावर गेलीय, जुन्या धक्क्यावर. तिथं पाण्यात आमच्या काही पट्ट्या टांगलेल्या असतात, त्या ओहोटीला काढून आणायच्या असतात — नेमका आजच योग आला बघा. तुम्हाला भेटायचं होतं तिला, आणि तुम्हालाही तिला, पण ठीक आहे, माझ्याइतकी तिला दुसरं कोण ओळखतं? आणि ती इथं असती तर मला मोकळेपणानं बोलताही आलं नसतं, इतकी लाजरी मुलगी आहे. काल दारात थांबली. मी म्हटलं, तू पट्ट्यांचं बघ, कंपनीच्या मॅडमशी मी बोलतो. तर नुसती बघत राहिली माझ्याकडे, आणि मग म्हणाली, “सर, माझी फार स्तुती करू नका.” बघा म्हणजे. आजकालच्या मुलांत हा विनय सापडतो का? मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. आणि आज मी ठरवूनच बसलोय, हातचं काही राखून ठेवायचं नाही. तेव्हा घ्या लिहून.

पहिली गोष्ट म्हणजे संशय. तिचा कशावरही चटकन विश्वास बसत नाही. एकदा काय झालं, एका कारखान्यानं नवीन रंग पाठवला होता, आणि पेटीत तो उत्तम निघाला, म्हणजे बाकीच्या पट्ट्या गंजून तांबड्या झाल्या आणि ही आपली नव्या नवरीसारखी. दुसरा कुणी असता तर उड्या मारत माझ्याकडे आला असता. ही आली आणि म्हणाली, सर, काहीतरी चुकलंय. आकडा चुकला असेल, पाणी चुकलं असेल, पट्टी घासताना हात हलका पडला असेल — सगळं पुन्हा केलं तिनं. मग परत एकदा. मग मी सुचवलं की पट्ट्या तिरक्या टांगून बघ, तर तिरक्या टांगून पुन्हा. काय निघालं? तेच निघालं, पहिल्या दिवशी निघालं होतं तेच. पण आता खात्री झाली ना. किती दिवस लागले? दिवस कसले, दोन वर्षं गेली त्यात. त्या रंगाचं? त्या रंगाचं काय व्हायचं, कारखान्यानं तोवर तो बनवायचा बंद केला होता — पण आमचा शोधनिबंध फार चांगल्या ठिकाणी छापून आला. माझं नाव दुसरं आहे त्यात, पहिलं तिचं, तेवढा न्याय मी करतो.

दुसरी गोष्ट, ही मुलगी पुराव्याशिवाय तोंड उघडत नाही. गावाला पाणी देणाऱ्या टाकीचा ठेकेदार आला होता एकदा, इथंच उभा होता, हातात दोन रंगांचे डबे. म्हणाला, ताई, या दोनांतला कुठला लावू तेवढं सांगा, पुढच्या आठवड्यात शिडी लागतेय. तिनं दोन्ही रंग तपासलेले होते बरं का, म्हणजे उत्तर तिच्या जिभेवर होतं, मला दिसत होतं. पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, इतक्यात काही सांगता येणार नाही. मी तिच्या पाठीवर थाप मारली त्या दिवशी. ठेकेदार? तो गेला बिचारा डबे घेऊन. कुठला लावला देव जाणे, दुकानदारानं सांगितला असेल तो लावला असेल. आणि तिसरं — लिहिताय ना — ती एकटी काम करते. पेटीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. म्हणजे तसा नियम मीच घातलाय, कारण दहा हात लागले की गडबड होते, पण तिनं तो इतका पाळला की आता ती दोन दिवस तापानं पडली तर पेटी बंद ठेवावी लागते. घड्याळाकडे बघत नाही, घरी जायचं नाव काढत नाही, नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, तो तिकडं, ही इकडं, कधी तक्रार नाही. तुमची कंपनी त्याच गावात ना? हो, बोलली होती ती मला. हल्ली दोन-तीनदा बोलली.

तुम्ही लिहायचं थांबलात. नाही, पेनाला टोपण लावलंत म्हणून म्हटलं. आणखी आहे, बरंच आहे, मी तर आत्ता सुरुवात केली. काय म्हणालात? चार जणांना बरोबर घेऊन काम करणं — आता, चार जण तिला मिळालेच कुठे? आणि कुठलीही गोष्ट अर्धीमुर्धी कळलेली असताना त्या दिवशीच्या त्या दिवशी निर्णय — अर्धीमुर्धी म्हणजे? हं, असं म्हणताय — पावसाळा तोंडावर आलाय, पुलाचं लोखंड उघडं आहे, आणि कुणीतरी म्हणायला हवं की हा लावा, चालेल. चालेल. मॅडम, हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा आहे. कुणी प्रबंधात ‘चालेल’ अशा अर्थाचं काही लिहिलं तर मी लाल पेन घेतो. चालेल कसं, सिद्ध करा. मी तिला हेच शिकवलं — थांब, अजून बघ, अजून एकदा बघ. ‘पुरे’ म्हणायला मी कुणालाच शिकवलं नाही. पण ही स्तुतीच चाललीय हो. आमच्यात कुणाबद्दल म्हटलं की तो स्वतःच्या निकालावरही विश्वास ठेवत नाही, तर समोरचा मान डोलावतो, म्हणतो, वा, असा विद्यार्थी भाग्यानं मिळतो. तुम्ही मान डोलावली नाहीत. तुम्ही टोपण लावलंत.

थांबा जरा. असंच टोपण मी आधी कुठंतरी बघितलंय. हा आवाज येतोय ना भिंतीतून, फळ्यावर खडू घासल्याचा, तो आमचा लांबू. उंच आहे, दारातून येताना वाकावं लागतं म्हणून लांबू. माझाच विद्यार्थी, हिच्या आधीचा. त्याच्यासाठीही कुठल्याशा कंपनीतून एक गृहस्थ आले होते, तुम्ही बसलात तिथंच बसले होते, आणि मी त्यांना तासभर सांगत होतो, की हा मुलगा एका वाक्यासाठी महिना घालवतो, एका पट्टीसाठी हंगाम घालवतो, घाई म्हणजे काय ते याला माहीतच नाही. मनापासून सांगत होतो, माझे डोळे भरून आले होते. त्यांनीही मधेच पेनाला टोपण लावलं होतं; शेवटी माझा हात हातात घेतला, आभार मानले, आणि गेले. त्यानंतर त्यांच्याकडून काही आलंच नाही. लांबूनं वाट बघितली, मग परत इथंच, तासावर शिकवायला लागला. तासाचे पैसे मिळतात, सुट्टीत तेही नाहीत. मी म्हटलं, त्या लोकांना किंमत नाही ज्ञानाची, बाजारू लोक. आम्ही दोघांनी मिळून त्यांना भरपूर नावं ठेवली. तोही हसला. तो माझ्यासमोर नेहमी हसतो.

आता मला सांगा — नका सांगू, मीच सांगतो — ती काल दारात काय म्हणाली? सर, माझी फार स्तुती करू नका. आणि मला तो विनय वाटला. लांबूनं तिला सांगितलेलं असणार. त्या दोघांचं ठरलेलं असणार की सरांना तोंडावर कसं बोलायचं, मन मोडेल त्यांचं, तेव्हा असं म्हण, स्तुती करू नका, एवढंच म्हण. म्हणजे या मुलांना सगळं माहीत आहे. माझ्या कौतुकानं आपलं काय होतं ते माहीत आहे, आणि तरी सगळे रोज मला — नमस्कार सर, चहा घेतलात का सर. आमच्या घरातली एकदा म्हणाली होती, तुम्ही मुलांना शिकवत नाही, मुरत घालता. मी दोन दिवस बोललो नव्हतो तिच्याशी. आता लाज वाटतेय, मॅडम. तुम्ही परक्या आहात, तुमच्यासमोर असं बोलू नये, पण लाज वाटतेय.

ते खोडून टाका ना. आधी लिहिलंत ते, दोन वर्षांचं. नाही, खरं आहे ते, खोटं काही बोललो नाही मी, पण ती दोन वर्षं तिची नव्हती, माझी होती. तिरक्या टांगून बघ मीच म्हणालो. ठेकेदाराला उत्तर देण्याआधी तिनं माझ्याकडे का बघितलं? मी इथं बसलो होतो म्हणून. मी नसतो तर तिनं डाव्या डब्यावर बोट ठेवलं असतं आणि ते बरोबरही असतं. आता मी हे सांगतोय तर तुम्हाला वाटणार, सर सारवासारव करतायत. वाटणारच. माणूस आधी म्हणतो, ती घाई करत नाही, आणि मग म्हणतो, नाही हो, तशी चटपटीत आहे, तर कोण विश्वास ठेवेल? तुमच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, काहीतरी चुकलंय. बघा, माझंही शिक्षण तेवढंच.

आणि मला काय ठाऊक हो, तुमच्याकडे काय लागतं ते? मी या इमारतीत विद्यार्थी म्हणून शिरलो आणि बाहेर पडलोच नाही. त्या बुटक्या खुर्चीतून उठलो आणि टेबलाला वळसा घालून या खुर्चीत येऊन बसलो, एवढाच माझा प्रवास. मी मुलांना एकच नोकरी शिकवली, माझी. आणि ती एकच आहे, आणि तिच्यात मी बसलोय. दरवर्षी नवीन मुलगा येतो, नवीन मुलगी येते, विचारतात, सर, पुढं काय? मी म्हणतो, आधी काम तर पुरं कर. ते पुरं व्हायला आलं की मीच एक नवा प्रश्न काढतो. दुष्टपणानं नाही, खरंच सुचतो मला. पण सुचतो मात्र नेमका तेव्हाच.

काही विचारलंत का? नाही? मला वाटलं तुम्ही विचारलं की तिला आजच का पाठवली. विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. पट्ट्या उद्याही काढता आल्या असत्या. परवाही. त्या पाण्यात लटकतायत, कुठं पळून जाणार? तुमची वेळ मला आधी कळली होती, आणि मग मी तिला म्हटलं की पट्ट्या उद्याच हव्यात. पुढच्या महिन्यात आमच्या प्रोजेक्टची तपासणी आहे, कमिटी येणार, पेटी चालू दिसायला हवी, आणि पेटी तिच्याशिवाय कुणाला चालवता येत नाही. येत नाही कारण मी कुणाला शिकू दिलं नाही. तर ती तुमच्यासमोर बसली असती, चार वाक्यं बोलली असती, तुम्हाला आवडली असती, आणि मग मी कमिटीला काय दाखवलं असतं? असा काही विचार मी केला असं नाही हं. केलाच नाही. फक्त म्हटलं, पट्ट्या उद्याच हव्यात. आणि ती माझ्याकडे बघत राहिली, आणि हो सर म्हणाली. लांबूच्या वेळी तरी मला काही कळत नव्हतं. हिच्या वेळी काय म्हणू?

एक सांगू? हे स्तुतीत नाही बसत, म्हणून माझ्या डोक्यात आलंच नाही इतका वेळ. गेल्या साली मी एकदा तिच्याबरोबर धक्क्यावर गेलो होतो, लांबूही होता. तिथं कसं असतं, ओहोटी लागली की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळानं निसरड्या झालेल्या, त्यांच्यावरून उतरून खालच्या कड्यांना टांगलेल्या पट्ट्या काढायच्या, आणि पाणी परत चढायच्या आत वर यायचं. त्या दिवशी वारा होता, पाणी लवकर चढायला लागलं. मी वर उभा, मला काही सुचेना, मी आपला ओरडतोय, क्रमानं काढ, क्रमानं, नोंद करून काढ. तिनं ऐकलं नाही. एकदा खाली नजर टाकली आणि दोन नावाड्यांना हाक मारली, एकाला दोर धरायला लावला, दुसऱ्याला टोपली, लांबूला मधल्या पायरीवर उभा केला, आणि मला — मला म्हणाली, सर, तुम्ही बाजूला व्हा, वाटेत आहात. मग भराभर. ही घ्या, ही राहू द्या, ही गेली तरी चालेल. चालेल म्हणाली, मॅडम. मी कानांनी ऐकलं. कुठल्या पट्टीतून काय कळणार आहे आणि कुठल्या पट्टीतून काहीच नाही, हे तिला नुसतं बघून ठाऊक होतं, आणि माणसं तिचं ऐकत होती, नावाडी ओळखीचे ना पाळखीचे, तरी ऐकत होते. सगळे वर आलो तेव्हा पायऱ्या पाण्याखाली होत्या. आणि जे सोडलं त्यानं कशाचंही नुकसान झालं नाही, मागून मी मुद्दाम तपासलं.

आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं? तिला त्या खुर्चीत बसवलं, त्या बुटक्या, आणि विचारलं, राहिलेल्या पट्ट्या कुणाला विचारून सोडल्यास? शास्त्र म्हणजे भाजीबाजार आहे का? तिनं माफी मागितली माझी. खाली मान घालून मागितली, आणि मी ती घेतली, मोठ्या मनानं घेतली. जे तुम्ही मघापासून विचारताय ते तिला येतं. इथं येऊन शिकली ती ते, इतकी वर्षं समुद्राशी आणि मोडक्या पेटीशी झगडून शिकली, पण ते मी शिकवलं नाही म्हणून मला ते दिसलं नाही, आणि दिसलं तेव्हा मी तिला त्याची माफी मागायला लावली. एवढं एकच काम तिनं तुमच्या नोकरीसारखं केलं, आणि तेवढ्या एकाच कामासाठी मी तिला रागावलो.

नाही, आता हे लिहू नका. टोपण राहू द्या. मी सांगितलेलं काहीच लिहू नका, चांगलं ना वाईट, माझ्या बोलण्यातून जे काही हातात लागेल ते या खुर्चीतलंच असणार. तुम्ही एक करा. फाटकातून बाहेर पडलात की उजवीकडे वळा, बर्फाच्या कारखान्यावरून सरळ खाली गेलात की जुना धक्का. गाडी वरच लावा, खाली निसरडं आहे. ओहोटी संपत आलीय, आत्ता ती खालच्या पायऱ्यांवर असेल. हाक मारू नका लगेच. वर कठड्यापाशी उभ्या राहा आणि बघा नुसतं, ती काय उचलते आणि काय सोडते. मग बोला तिच्याशी. पेटीचं मी बघतो, लांबूला बोलावतो आत्ताच, दाखवील तो मला, किंवा मी त्याला, काहीतरी करू.

आभार नका मानू, कृपा करून हात नका पुढं करू. आणि हे बघा — ती विचारेल तुम्हाला. तोंडानं नाही विचारणार, पण बघेल तुमच्याकडे तशी, काल माझ्याकडे बघत होती तशी, की सरांनी स्तुती केली का म्हणून. तेव्हा सांगा तिला, नाही. सर काही बोललेच नाहीत म्हणा. निघा तुम्ही, पाणी चढायला लागेल.